मधल्या सुट्टीत या

फळ्यावर एवढंच झालंय:
मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि पूर्वे
आणि दारात बसलिंगाप्पा.
“सही माड्री, टीचर.”
हातात सुत्तोले, तीन पानं कन्नड.

अशा वेळी मी खडू खाली ठेवत नाही.
पहिल्या बाकावरच्या तनुजा घाडीच्या मुठीत देते:
वाक्य सांभाळ गं, आलेच.
ती मूठ अशी आवळते
जणू आत फुलपाखरू आहे.

नंद्याळकर गुरुजींनी मला तीनच गोष्टी शिकवल्या
रिटायर व्हायच्या आदल्या आठवड्यात, खुर्च्या मोजताना:
आवाज चढवायचा नाही.
आपण दाराशी जायचं, दार वर्गात येऊ द्यायचं नाही.
आणि परत आलं की
सुटलेल्या अक्षरापासून सुरू करायचं, नव्या ओळीवर नाही.

म्हणून मी बोट ठेवून वाचते, सावकाश,
तारीख कळते, ‘कडक’ कळतं, सही करते.
परत येते. खडू घेते. क—
“बाई, ताटं किती आज?” स्वयंपाकघरातून मल्लव्वा.
बोटांनीच सांगते: दहा, आणि सात.
चौथीच्या रांगेत सातेरीनं कुणाचं तरी
शार्पनर गिळलंय म्हणे.
गिळलेलं नाही. गालात आहे.
मी हात पुढं करते, तो थुंकतो,
एवढ्यात नाव घेऊन ओरडण्यासारखं काही नाही.

मग उंबऱ्याशी चप्पल काढल्याचा आवाज.
तनुजाचा बाप.
उद्यमबागेत फौंड्रीला रात्रपाळी,
डोळे अजून भट्टीतच.
“दाखला पायजे हुता की, बाई.
तिकडंच घेतलीया खोली. पोरीला इंग्लिशला घालतोय.
टेंपो थांबलाय.”

खडू कुणाकडं आहे ते मला माहीत आहे.
मी वळून बघत नाही.
आवाज तोच ठेवते,
सहीला होता तो, शार्पनरला होता तो:
“तास चालू आहे. मधल्या सुट्टीत या.”

तो ‘बरं’ म्हणतो आणि व्हरांड्यात भिंतीला टेकतो,
गुडघे पोटाशी घेऊन, 
याच शाळेत शिकलेला माणूस बसतो तसा.

परत आले तर तनुजाचा तळवा पांढरा.
खडू घामानं मऊ झालाय.
ती देते. मी लिहिते: कडे.
पूर्वेकडे वाहते.
सगळे वाचतात, सतरा आवाज,
आणि बाहेरून एक जाडसर, पुटपुटता,
बहुतेक मला भास.

बाराला पाच मिनिटं.
बारा.
व्हरांड्यात रुळाचा तुकडा टांगलाय, शेजारी हातोडी,
घंटा द्यायची पाळी
या आठवड्यात तनुजाची.

ती घड्याळाकडं बघते. मग वहीत बघते.
पेन्सिलीचं टोक तासते, जे चांगलं होतं.
मल्लव्वाची भातावरची झाकणी दोनदा वाजली.
बारा सात.

शिस्तीच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही,
तपासणीला आले तेव्हा तसं लिहूनही गेलेत.
नवीन ओळ लिहायला घेते
आणि काही बोलत नाही.