पंचेचाळीस अंश

(अनातोलिया. तालुक्याचं कोर्ट.)

साहेब, मी झुल्कुफ. सळया वाकवणारा.
अकरा वर्षं फेरहान बेंच्या साइटवर होतो.
ते आत्ता म्हणाले, किस्मत;
कपाळावरचं कोण पुसणार.
आमच्याकडे सगळेच म्हणतात तसं.
माझी आई तर दूध उतू गेलं तरी म्हणायची.

मी कपाळाचं नाही, रिंगांचं सांगायला आलोय.

खांबाच्या सळयांना कवळून बसते ती रिंग.
तिची टोकं आत वळवायची, पार आत,
मूठ मिटावी तशी.
काटकोनात सोडली
तर जमीन हलली की मूठ उघडते.
काटकोनापुढे फक्त पंचेचाळीस अंश:
मनगटाचा एक हिसका.
दिवसाला नऊशे रिंगा.
बे म्हणाले, वेळ जातो.
मी वेळ वाचवला.

का, विचाराल.
मुलीचे दात. घरभाडं. हा उजवा खांदा.
एकेक कारण धरून मागे मागे गेलं
तर आजोबांनी विकलेल्या खेचरापर्यंत पोचतो मी,
आणि तिथेही कुणी मोकळा उभा नाही.

मागच्या बाकावर नाझमिये आजी आहेत.
पहाटे चारला मांजर ओरडलं
म्हणून शालीनिशी खाली उतरल्या.
त्या मला रोज विचारतात, मीच का रे?
मला ठाऊक नाही.
त्यांच्या वहीत हवं तर किस्मत लिहा,
मी हरकत घेणार नाही.

पण एक राहिलं.

तळमजल्यावर, जिन्याजवळ, एक खांब होता.
त्या दुपारी मुकादम जेवायला गेलेला.
समोरच्या वखारीतून जर्दाळूंचा वास येत होता.
कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बघत नव्हतं,
आणि मी त्याच्या सगळ्या रिंगा
पुरत्या वळवल्या. एकूण एक.
का, ते आजही सांगता येत नाही.
घरभाडं तेव्हाही होतं. खांदाही दुखतच होता.

नंतर बघायला गेलो.
सात मजले जमिनीला टेकलेले
आणि तो तेवढा उभा.
डोक्यावर काही नाही. नुसतं आभाळ.
कुणालाही वाचवलं नाही त्याने.

लिहून घ्या साहेब,
हाताला येत होतं.
तो एक खांब नसता
तर मीही आज बेंच्या शेजारी
कपाळाला हात लावून
उभा राहिलो असतो.