कारणाचा रकाना

अंबडच्या आमच्या कारखान्यात रिजेक्शनचं रजिस्टर आहे,
लाल पुठ्ठ्याचं. त्यात कारणाचा रकाना
दोन बोटं रुंद.
तेवढ्यात माणसाचं आडनाव मावतं.
दुसरं फारसं काही मावत नाही.

म्हणून डिसेंबरभर मी लिहीत गेले:
तिसरी पाळी, बोअर मोठा, चौदा नग, गावित.
तिसरी पाळी, बोअर मोठा, एकवीस नग, गावित.
खाली माझी सही, झोकात,
'क'ची शेपटी पार पुढच्या ओळीत गेलेली.

यशवंत गावित. सुरगाण्याकडचा. ठेक्यावर.
घोलप साहेब म्हणाले, नवा आहे, रात्री पेंगत असेल.
'असेल' हा शब्द मीटिंगमध्ये चहासोबत आला
आणि कप रिकामे होईपर्यंत
त्याचा 'आहे' झाला होता.
कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही.

खरं सांगते, मला शंका आली ती काही न्यायाच्या कळवळ्यानं नाही.
आकडे नीट बसेनात, एवढंच.
पेंगणारा माणूस कधी मोठं कापेल, कधी लहान.
हा रोज मोठंच कापत होता,
रोज एकाच बाजूला, एकाच मापानं चुकत होता.
डुलकीला एवढी शिस्त कुठून?

मग मला माझं स्वतःचं कारण सापडलं: इन्सर्टची नवी लॉट.
आठ दिवस मी त्या कारणाच्या प्रेमात होते.
जुळला तो आकडा वहीत,
न जुळला तो, 'वाचताना चुकला असेल.'
पुन्हा तोच 'असेल'. या वेळी माझ्या घरचा.
जुनी लॉट लावून पाहिली.
नग तेवढेच गेले.

जानेवारीत एका पहाटे, कुणाला न सांगता,
मफलर गुंडाळून पाथर्डी फाट्यावरून स्कूटीवर आले.
पांडवलेणीचा डोंगर दिसतही नव्हता.
शटर अर्धं उघडं. शटरला लागून ग्रॅनाइटचं टेबल.
त्यावर मास्टर रिंग. हात लावला, तर बोट दचकलं.
तिच्यावर गेज शून्याला लावायचा
आणि मशीनमधून नुकत्याच निघालेल्या
कोमट नगात घालायचा.
गारठून आखडलेल्या शून्यानं
उबेनं फुगलेलं भोक मोजत होतो आम्ही.
दहा-बारा मायक्रॉनचा फरक.
केसाचा सहावा-सातवा हिस्सा.
त्या फटीत आम्ही एक माणूस ढकलला होता.

लाल पेटीतले वीस नग टेबलावर पसरून ठेवले.
दुपारी, सगळं एकसारखं निवल्यावर, मोजले.
अठरा चांगले.
उरलेल्या दोघांचं कारण मला अजून माहीत नाही.
ते माझ्या खणात आहेत, कागदात गुंडाळून.
बरं वाटतं ते तिथे आहेत म्हणून.

घोलप साहेब म्हणाले, शाबास, लिहा: तापमान.
लिहिलं. चार अक्षरं, मावली.

पण डिसेंबरच्या दुसऱ्याच आठवड्यात,
पाळी बदलताना, हातमोजा काढत यशवंत म्हणाला होता,
'ताई, हे गार झाल्यावर मोजा ना एकदा.'
आणि मी म्हणाले होते, 'तू आधी टार्गेट बघ.'
हेही कारणच.
याला रजिस्टरमध्ये रकाना नाही.

त्याचं कंत्राट एकतीस तारखेला संपलं होतं.
फोन केला. पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकिंगवर होता,
मागे क्रेट आपटत होते.
मी सगळं सांगितलं. रिंग, गारठा, अठरा नग.
वाटलं, चिडेल. किंवा मला हवं ते, बरं झालं म्हणेल.
तो थोडा वेळ गप्प राहिला.
मग विचारलं,
'मग त्या शटरचं काय केलं?'

मी मान वळवून पाहिलं.
अर्धं उघडंच होतं.