हाताची मागची बाजू

मे महिन्यात मी रस्त्याला हात लावून बघतो.
तळहात नाही. तळहात निबर झाला
बत्तीस वर्षं मागावर.
मागची बाजू टेकवायची
आणि सातपर्यंत मोजायचं.

आमच्या गल्लीचा रस्ता सिमेंटचा केला
तेव्हापासून तो दिवसभर ऊन गिळतो
आणि रात्री दहापर्यंत ओकत बसतो.
चारलाच हात उचलला, तर घरी परत.

डांबर उंबऱ्यात उभा, पट्टा तोंडात,
शेपटी कूलरच्या स्टँडवर टकटक.
"थांब बे," मी म्हणतो, "अजून तापूनच राहिला."
वरून उमाठेबाई विचारतात,
"काय हो बारापात्रे, रस्त्याला ताप आला का?"
आला ना. सेहेचाळीस.

डांबरच्या पिंपामागे सापडला म्हणून डांबर.
आणलं पोरीनं. "मीच करीन सगळं बाबा," म्हणाली,
आणि कॉलेजसाठी गेली अमरावतीला.
आता गॅस सिलिंडरच्या तारखेखाली
कॅलेंडरवर त्याच्या सुईची तारीख असते.
खिशात कालच्या पेपरचं अर्धं पान,
त्याचं त्याच्यामागे उचलायला.
भाचीच्या लग्नाला गोंदियाला गेलो नाही,
आहेर पाठवला.
साळा फोनवर म्हणाला, "कुत्र्यापायी?"
मी म्हटलं, हो.
पुढे काही सुचलं नाही दोघांनाही.

ते पुढचं इथे सांगतो.

मी नऊ वर्षांचा. घरात भुऱ्या होता.
शेजारच्या पोराला चावला नव्हता, नुसता भुंकला होता.
बाबांनी लूनावर पुढे पोतं घेतलं,
कोराडीच्या पलीकडे सोडून आले.
"गाव आहे तिथं. जगते कुत्रं."

चौथ्या दिवशी दुपारी भुऱ्या दारात.
पंजे सोललेले, चारही.
फरशीवर जिथे जिथे पाय पडला
तिथे ओला लाल ठसा, नाण्याएवढा.
आईनं हळद लावली. बाबांनी भाकर टाकली.
त्यानं भाकर खाल्ली नाही आधी,
आधी बाबांचा हात चाटला.

पुढच्या रविवारी कन्हानच्या पुलापलीकडे.
या वेळी मागच्या सीटवर मी होतो.
पोत्याचं तोंड
मी धरलं होतं.

परत आला नाही.
किंवा आला असेल अर्ध्यापर्यंत.
मी हे कोणालाच विचारलेलं नाही,
विचारायचं कोणाला?
बाबा वाईट नव्हते. गल्लीत सगळेच तसं करायचे,
मांजरीची पिल्लं, म्हातारी कुत्री,
पोतं आणि पूल.

रात्रीचे पावणेदहा.
पुन्हा वाकतो. गुडघा कुरकुरतो.
एक, दोन, तीन, चार,
पाच,
अजून थोडा चटका आहे कडेला, गटाराच्या झाकणापाशी.
सहा.
मागून ओलं नाक कोपराला लागतं.
घाई नाही त्याला, नुसतं बघतो
हा माणूस रोज रस्त्याशी काय बोलतो.

सात.

"चल," मी म्हणतो.
उमाठेबाईंच्या गेटपाशी मात्र पट्टा आखूड धरतो.