तीन फुटांत दोन बोटं कमी

दिवसाला एकवीस. कधी बावीस.
मी मोजले नव्हते, कंबरेने मोजले.

पावणेआठला काजूच्या कारखान्याचा भोंगा होतो
आणि माझ्या ओटीवर पोरं उतरतात:
दुर्वांक, झैद, पेडणेकरांची जुळी,
तलाठीबाईंची इरा, जी रडतेसुद्धा ठरल्या वेळी.
नऊच्या आत पहिला वास येतो.
कोण, ते विचारायचं नसतं.
जो पडद्यामागे जाऊन गप्प उभा राहतो, तो.

मग सतरंजी. मग गुडघे. मग ओणवं.
एका मुठीत दोन घोटे,
दुसऱ्या हातात ओलं फडकं,
आणि पाठ
विहिरीवरच्या ओकतीसारखी, खाली, वर, खाली.
दहा किलो. अकरा किलो.
झैद साडेबारा, त्याची अम्मी कौतुकाने सांगते.
उठताना मी भिंतीला हात लावते.
स्विचबोर्डाच्या खाली माझ्या पंजाचा मळका ठसा आहे.
दिवाळीला रंग दिला,
दत्तजयंतीपर्यंत तो परत आला.

निलगिरीचं तेल झालं, विटेचा शेक झाला.
डॉक्टर म्हणाले, वाकू नका.
मी म्हटलं, बरं.

इनास मेस्त आला होता खिडकीची फळी बसवायला.
वेंगुर्ल्याच्या बंदरावर होड्या दुरुस्त करणारा माणूस,
कानावर पेन्सिल,
दारातच उभा राहून बघत राहिला
मी एकापाठोपाठ जुळी बदलत होते तेव्हा.
"होडयेक डांबर लावताना आमी वाकतव काय गो?
होडी वर घेतव. ठोकळ्यार."
मग म्हणाला, सरळ उभी रव. हात सोड. आता कोपर दुमड.
जमिनीपासून कोपरापर्यंत टेप धरली.
ब्लाउज शिवणाऱ्या सुमनबाईनंतर
माझं माप घेणारं पहिलंच माणूस.
त्यातून चार बोटं वजा केली
आणि जो आकडा उरला तो माझ्याच भिंतीवर लिहून ठेवला.

मोडीत निघालेल्या पातीच्या फळ्या.
घासल्या तरी पावसाळी दिवसात अजून बांगड्याचा वास देतात.
तीन बाजूंना वीतभर कठडा.
उजव्या हाताला डायपर, डाव्या हाताला बादली,
कमरेत पिळायचं नाही, पावलं वळवायची.
पोट फळीला टेकवून उभं राहायचं.
आणि चौथ्या बाजूला, कोणी न सांगता, तीन पायऱ्या.
मी म्हटलं, या कशाला? देऊळ आहे का?
"पोरांका पाय नाय काय? चढांदेत."

दुर्वांक दीड वर्षाचा.
पहिल्या दिवशी तीन पायऱ्यांना चार मिनिटं लागली त्याला.
चार मिनिटांत मी दोघांना बदललं असतं.
माझे हात त्याच्या बगलेकडे धावायचे,
मी एक त्याच्या पाठीशी धरला, न टेकवता,
आणि दुसरा स्वतःच्या पदरात गुंडाळून ठेवला.
दुसरीवर तो बसला. खाली उतरला.
पुन्हा पहिली.
मागे इरा ओरडत होती, वेळेच्या आधी.

वर पोचला आणि उभा राहिला.
सात महिने मी त्याला वरूनच ओळखत होते:
टाळू, भोवरा, मानेवरची घामोळी.
आता तोंडासमोर तोंड.
डाव्या भुवईत तीळ आहे त्याच्या.
त्याने माझा चष्मा काढून घेतला.

कंबर राहिली, असं नाही.
रात्री कुशीवर वळताना अजून नाव सांगते.
पण ठसा फिका होतोय, किंवा मीच बघत नाही.

संध्याकाळी त्याची आई येते, उज्वला,
दहा तास पाटावर बसून काजू सोलून,
बोटं चिकाने काळी.
ती खाली वाकते, उचलायला.
मी म्हणते, थांब. तो उतरेल.
ती पिशवी ठेवते,
दोन्ही कोपरं माझ्या टेबलावर टेकवते
आणि पहिल्यांदाच तिचे खांदे खाली आलेले दिसतात.
बाहेर रिक्षावाला हॉर्न देतोय.
दुर्वांक तिसऱ्या पायरीवर, पाठमोरा,
एक पाय हवेत, लाकूड शोधतोय.
आम्ही दोघी उभ्या.