अक्षरामागे बावीस रुपये

मी भिकन पेंटर. मालेगावात मोसम पुलापाशी टपरी.
शटर, ट्रकच्या फळ्या, एखादी दुकानाची पाटी.
फ्लेक्स आला आणि निम्मा धंदा बसला,
पण पत्र्यावर अजून मीच लागतो.
अक्षरामागे बावीस रुपये. काना-मात्रा फुकट.

स्वर्णतंतू प्रोसेसचे कुलथेसाहेब स्वतः आले.
शाळेत पाण्याची टाकी बसतेय, फिल्टरची.
वर लिहायचं : सामाजिक उत्तरदायित्व निधीतून.
मी बोटांवर मोजलं. चौदा.
म्हटलं, साहेब, यात दोन जोडाक्षरं आहेत,
त्त आणि त्व, ब्रश आत वळवावा लागतो.
ते हसले. म्हणाले,
दायित्व आहे रे, त्यात कसला भाव करतोस.

खाली कंपनीचं नाव. सोनेरी, वीतभर उंच.
माझी धाकटी त्याच टाकीचं पाणी पिते.
पाणी चांगलं आहे, खोटं कशाला बोलू.

नदीचं नाव मोसम
आणि ती वाहते तशीच, मोसम बघून.
लग्नसराईत लाल.
ईदच्या आधी पोपटी.
जूनमध्ये शाळेच्या गणवेशाची निळी.
आणि कारखान्यात ऑर्डर नसली की
दोन-तीन दिवस
पाण्याच्या रंगाची.

इश्तियाक संध्याकाळी चहाला येतो.
तो तिथे जिगरवर असतो.
जिगर म्हणजे मशीन. कापड रंगातून
या रुळावरून त्या रुळावर, परत या रुळावर,
पाळी संपेपर्यंत.
नवा कामगार नाव ऐकून हसतो,
आठवड्याभरात हसायचा थांबतो.
इश्तियाकच्या नखांवरून मला कळतं
उद्या नदी कोणती येणार.

एकदा त्याने विचारलं,
भिकन, तुझा रंग कशाने जातो?
रॉकेलने, मी म्हटलं.
एकाच चिंधीने दोघांनी हात घासले.
माझा गेला.

मग कंपनीचं शिबिर झालं.
मोफत नेत्रतपासणी व चष्मेवाटप शिबिर. अठरा अक्षरं,
बिल दुसऱ्या दिवशी मिळालं, रोख.
इश्तियाकने कोपरापर्यंत सोललेले दोन्ही हात
मुद्दाम टेबलावर ठेवले होते.
डॉक्टर म्हणाले, वर बघा. खालची ओळ वाचा.
त्याने वाचली.
चष्मा मिळाला. फोटोत तो दुसऱ्या रांगेत आहे,
हात पुढच्या माणसाच्या पाठीमागे.

कसं दिसतं आता? मी विचारलं.
म्हणाला, साफ दिसतं.
रात्री दीडला मागच्या भिंतीतला पाइप उघडतात ना,
त्याचा व्हॉल्व्ह कोण फिरवतं, तेसुद्धा.
मग चहा फुंकत बसला. नाव नाही सांगितलं.
मी विचारलंही नाही.
स्वर्णतंतूची दोन कामं तेव्हा माझ्याकडे होती.

उन्हाळ्यात संगमाकडच्या वस्तीतून
सरपंच आल्या, शेवंताबाई.
विहिरीपाशी पाटी लावायची होती.
हे पाणी पिऊ नये.
सात अक्षरं. चौदाच्या बरोब्बर निम्मी,
आणि एकही जोडाक्षर नाही.
पंचायतीचं बिल कधी निघेल माहीत नाही म्हणाल्या,
आणि रुमालाची गाठ दातांनी सोडून
एकशे चोपन्न रुपये मोजून ठेवले. सुटे.

मी घेतले.
लाल डबा उघडला. टाकीच्या पाटीतला उरलेला.
सात अक्षरं लिहून झाली, खाली हातभर पत्रा उरला.
सवयीने विचारलं, बाई,
सौजन्य कोणाचं ते लिहायचं का?

त्या बराच वेळ पत्र्याकडे बघत राहिल्या.
मागे त्यांचा रिक्षावाला हॉर्न देत होता.
किती अक्षरं बसतील इथे?
अकरा-बारा, मी म्हटलं.
राहू दे मोकळी, म्हणाल्या. जागा ठेव.

पाटी वाळायला टांगली.
रात्री टपरी बंद करताना
त्या मोकळ्या पत्र्यावर मी प्रायमरचे दोन हात मारले.
त्याचे पैसे नाही लावले.