एकच फळी

आमच्या बेटावर फळ्या निघतील असं झाड उगवत नाही.
लाकूड येतं ते समुद्रावरून,
दूर पूर्वेकडच्या कुठल्याशा नदीनं उपटलेलं,
दोन-तीन वर्षं बर्फाबरोबर वाहत,
साल गेलेलं, मिठानं पांढरं पडलेलं.
कोणाच्या किनाऱ्याला लागायचं
हे त्याला कोणी विचारत नाही.

मी थोरलाकुर, सुतार.
जे येतं त्याचे पाळणे करतो, वल्ही करतो.
त्या वर्षी बहुतेक पेट्याच केल्या,
चार-चार विती लांबीच्या.

जमीन फाटली ती डोंगरापलीकडे.
आम्हाला आग दिसलीसुद्धा नाही.
निळसर धुकं आलं फक्त, गंधकाच्या वासाचं,
आणि आठवड्यात गवत पिवळं.
मेंढ्यांच्या जबड्यांना गाठी धरल्या,
दात असून चावता येईना.
मग दूध आटलं.
मग पोरं.

पाद्री एयोल्फुर चांगला माणूस,
स्वतःच्या वाटचा सुका मासा
शेजारी ठेवून येणारा.
प्रवचनात म्हणाला,
देवानं माणसाला मोकळं सोडलंय,
कारण दाव्याला बांधलेल्याचं प्रेम हे प्रेम नव्हे.
मोकळीक आली तिच्यामागून पाप आलं,
पापामागून हे.

मागच्या बाकावर इंगवेल्दुर होती,
मांडीवर तीन महिन्यांचं पोर.
ती उठली नाही, रडली नाही.
म्हणाली, मलाच ऐकू जाईल एवढ्यानं,
"याला अजून कुशीवर वळता येत नाही."

पोर मंगळवारी गेलं.

माझ्याकडे फळी एकच उरलेली.
एका टोकाला गाठ, बाकी सरळ.
पेटीला पुरून उरली असती.
आणि तिकडे नाव तळाला फुटलेली.
नाव म्हणजे मासे,
मासे म्हणजे तेरा घरं.

रात्रभर फळी गुडघ्यांवर आडवी घेऊन बसलो.
आवाज आला नाही. स्वप्न नाही, खूण नाही.
कोणी हात धरला नाही,
कोणी पुढेही ढकललं नाही.
एवढा मोकळा मी आयुष्यात कधी नव्हतो
आणि करवत उचलवेना.

उजाडताना फळी नावेला मारली.
पोराला शालीत गुंडाळून ठेवलं.
जमीन अजून गोठली नव्हती,
एवढंच काय ते बरं.
इंगवेल्दुरनं माझ्याकडे पाहिलं नाही.
एयोल्फुर म्हणाला, योग्य केलंस,
ठरवायचं तुझ्याच हातात होतं.
त्याच्या तोंडात मारावीशी वाटली.
मग त्याचं तोंड पाहिलं. तेही सुजलेलं, हिरड्यांतून रक्त.

देवाशी माझा वाद मिटला असं नाही.
प्रश्न तेवढा बदलला.
आधी विचारायचो, का केलंस?
आता रंधा मारता मारता विचारतो,
तुझ्याकडेही एकच फळी होती का?
असेल तर सांगायचंस.
मी येऊन बसलो असतो शेजारी,
गुडघ्याला गुडघा लावून,
काही न बोलता.
आणि नसेल,
तुझ्या अंगणात लाकडाचं रान पडलं असेल,
तर मात्र
माझं तुझ्याकडे काही काम नाही.

उत्तर आलं नाही. नाव आली.
अकरा कॉड.
अर्धा घेऊन इंगवेल्दुरच्या दारी गेलो.
तिनं दार उघडलं, आत ये म्हणाली नाही,
लावलंही नाही.
थोरली तिची, सहा वर्षांची,
चुलीपाशी बसून होती.
हिरड्या दुखायच्या तिच्या,
म्हणून मी काटे काढून
बोटांनी कुस्करून देत गेलो, ती खात गेली.
इंगवेल्दुर भिंतीकडे तोंड करून.

बऱ्याच वेळानं,
न वळता,
तिनं हात मागे केला.