सही करण्याआधी

ते पेन आधी खिशात ठेव, एडमिल्सन.
कागद कुठे पळून जात नाही.
पळतं ते हे:
एका गोल चकतीवर उभं राहिलेलं
बेचाळीस किलोंचं जनावर.

सेतूबालच्या या इस्पितळात
रात्री अकरानंतर लिफ्टसुद्धा दबकून बोलते.
दुसऱ्या मजल्याचा हा कॉरिडॉर त्र्याण्णव पावलांचा आहे.
माझ्या पावलांचा. तुझी कमी भरतील.

दांडा कमरेशी आण. पोटाशी नको, छातीशी तर नकोच.
वायर उजव्या खांद्यावरून मागे टाक,
शेपूट कधी चाकाखाली येऊ द्यायचं नसतं.
आता चालू कर.

हस, हस.
सगळ्यांनाच ते पहिल्या दिवशी भिंतीकडे ओढत नेतं.
सोड! दोन्ही हात सोड.
बघ, सोडलं की थांबतं.
असं फार थोड्या गोष्टींचं असतं.

जोर लावू नकोस. जोर त्याच्याकडे पुरेसा आहे.
दांडा केसभर खाली, की ते डावीकडे जातं,
केसभर वर, की उजवीकडे.
मधे कुठेतरी एक जागा आहे
जिथे ते जागच्या जागी गुणगुणत राहतं
आणि एका बोटावर तोललं जातं.
ती जागा मी तुला दाखवू शकत नाही.
तुझ्या मनगटाला ती सापडेल, बहुधा गुरुवारपर्यंत.

पॅड बदलताना आधी प्लग काढायचा.
बटण बंद आहे आणि वीज नाही,
ही दोन वेगळी वाक्यं आहेत.
आदेरितोला विचार. त्याच्या डाव्या हाताची करंगळी
आता फक्त हवामान सांगायच्या कामाची उरली आहे.

खालचं बसायचं मशीन उद्या.
पण एवढं आजच ऐक, तुझ्या शर्टाला सिगरेटचा वास येतो:
चार्जिंगच्या खोलीत लायटर खिशातसुद्धा नको.
चार्ज होताना बॅटरी श्वास सोडते
आणि तो श्वास पेट घेतो.

आता पाट्या.
पिवळ्या. दोन. दोन म्हणजे दोन.

माझ्या पहिल्या महिन्यात मी एकच लावली होती.
लिफ्टच्या बाजूला. लोक तिकडूनच येतात ना.
दोनशे चौदा नंबरचा म्हातारा दुसऱ्या बाजूने आला,
पायांत नुसते मोजे, हातात रिकामा ग्लास.
ग्लास फुटला नाही.
ग्लास लोळत लोळत माझ्या बुटापर्यंत आला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यांनी एक कागद पुढे सरकवला.
‘प्रशिक्षण मिळाले. सर्व सूचना समजल्या.’
खाली माझी सही, फक्त झुल्मिरा,
आडनावाला चौकटीत जागा पुरली नव्हती.
समजलं होतं ते अकरा मिनिटांत,
कारण सुपरवायझरची सिगरेट खिडकीत जळत होती
आणि मी बेटावरून नुकतीच उतरलेली,
पोर्तुगीज कानांना कळायची, डोळ्यांना नाही.
कागदाने साक्ष दिली. माझ्याविरुद्ध.
अक्षर माझंच होतं, काय बोलणार?

त्या म्हाताऱ्याचं नाव सेन्योर कास्त्रू.
पुढे तो काठी घेऊन चालायला लागला.
दिसला की मला हात करायचा,
आणि त्याने हात केला की मला जास्त वाईट वाटायचं.

म्हणून माझ्या हाताखाली कुणी पहिल्या रात्री सही करत नाही.
वरचे लोक विचारतात, फॉर्म कुठे आहे?
मी म्हणते, माणूस तयार होतोय.
ते म्हणतात, तेवढा वेळ नाही.
मी म्हणते, मग फरशी घाणेरडी राहू दे.
अजून तरी मला काढलेलं नाही.

हां. हे बरं झालं.
आत्ता भिंतीला ते हलकेच चाटून गेलं, धडकलं नाही.
मागे सर. कोरड्या पट्ट्यावरून चाल.

पेन?
अजून नाही.
परत एकदा, त्या दारापासून या दारापर्यंत,
आणि या वेळी माझ्याकडे बघू नकोस.
समोर बघ.
कुणीतरी मोज्यांत येतंय, असं समजून.